चंदाचं वजन

बार्शीटाकळीच्या बाजारात नितेश भाजी विकायचा, आणि त्याच्या घरात काट्यावर ठेवल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायची रीत नव्हती. मग पोर तरी त्यातून कशी सुटेल! लिव्हर पार निकामी झालेली चार वर्षांची चंदा वांग्यांच्या पाट्या तोलायच्या काट्यावर बसायची. अंगात ताकद आली, तरच तिला आईच्या लिव्हरचा तुकडा बसवता येणार होता. त्यामुळे तिच्या आईचा, रागिणीचा, सगळा जीव काट्याच्या आकड्यात अडकलेला.

आकडा वाढू लागला आणि घर हरखून गेलं. सासू गोदाबाई म्हणाली, "पोरगी बाळसं धरून राहिली. आता कायले तिच्या नाकात नळी?" त्या नळीतून रोज दूध जायचं आणि नळी बदलताना चंदा आकांत करायची. आईचं काळीज किती दगडाचं असणार? रागिणीनं नळी काढून टाकली. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. विचारायचं कशाला, काटा सांगतच होता ना!

अकोल्याच्या दवाखान्यात आहाराचं बघणाऱ्या आरती मॅडमनी वजन ऐकून घेतलं आणि टेप काढला. चंदाचा दंड मोजला. पुन्हा मोजला. मग मागच्या मापाशी ताडून पाहिला.

"रागिणीताई, दंड बारीक झालाय. वाढलंय ते पोटातलं पाणी. या आजारात वजन असं फसवतं. पोरीच्या अंगावरचं मांस झडलंय."

"नाही जी मॅडम! आमचा काटा खोटा नाही."

"काटा खराच आहे हो. पण पाणी कोणतं नि मांस कोणतं, ते त्याला कसं कळणार?"

रागिणीनं विचारलं, "मंग आपरेशन?"

"आत्ता तिला झेपणार नाही. आधी नळी परत टाकू."

"अन् तवरिक तिले काई झालं तं?"

मॅडमनी सिस्टरला नळी आणायला सांगितलं. रागिणीला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. लेकीच्या तोंडचं दूध तिनंच तोडलं होतं, तेही कौतुकानं.

सिस्टर नळी घेऊन आली, तशी चंदा आईला बिलगली. "आई, तू तं म्हनत होती, मी मोठी होऊन राहिली. मंग काहून वं?"

रागिणीनं तिचे दोन्ही हात धरले, डोकं छातीशी दाबलं आणि सिस्टरला म्हणाली, "टाका जी. मी पकडून राहिली."