जरा पाय घासत चला

मी नमद्याची, म्हणजे मळून घट्ट केलेल्या लोकरीची सपात बोलतेय. डाव्या पायाची. दचकू नका, दचकायचं काम माझं आहे. उंच टाचेचा बूट दिसला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

रशियात, व्होल्गा नदीकाठच्या उग्लिच गावात एका जुन्या चहाव्यापाऱ्याचं घर आहे. आता त्याचं संग्रहालय झालंय. आतली लाकडी फरशी फार नाजूक, म्हणून दारातल्या पेटीत आम्ही बसलेल्या असतो. बुटावरच आम्हाला चढवायचं, नाड्या बांधायच्या आणि मग आत जायचं. एका खेडवळ बाईनं मेंढीची लोकर गरम पाण्यात मळून मळून मला घडवलं. ते मळणं आठवलं की अजून अंग ठणकतं, पण तक्रार नाही. तिनं घट्ट मळलं म्हणून तर टिकले.

आणि माणसं तरी काय काय पाहिली! बोटीतून उतरलेले साहेब दारात कसे ताठ असतात. आम्हाला घातलं की दुसऱ्याच खोलीत हात पसरून घसरायला लागतात. "अहो, वय काय तुमचं!" म्हणणाऱ्या बायका, कोणी बघत नाहीसं पाहून, स्वतःही एकदा घसरून घेतात. त्यानं फरशी लखलखीत राहते. खोल्यांवर लक्ष ठेवणारी लुकेर्या आजी म्हणायची, "तिकीट काढून फरशी पुसतात गं, लेकरं माझी!"

मग माझी नाडी तुटली. प्रमुख बाई ग्लाफिरा पेत्रोव्ना म्हणाल्या, "टाकून द्या ती." मी पेटीच्या तळाशी जीव मुठीत धरून पडले. मला मूठ नाही, पण तुम्हाला कळलं असेल. पाहुण्यांचे कोट सांभाळायला ताइसिया नावाची नवी मुलगी आली होती. तिनं मला उचललं आणि लाल दोऱ्यानं नाडी शिवली. "तुला टाकलं तर उजवीनं काय करायचं एकटीनं?" ती पुटपुटली. तेव्हापासून मी तिची.

ताइसियाला गाईड व्हायचं होतं. गावाचा इतिहास कॉलेजात शिकलेली, सगळं तोंडपाठ. पण चार माणसं समोर आली की सगळं विसरायची. एका शनिवारी बाई म्हणाल्या, "आजचा बोटीवरचा गट तू फिरवायचा. जमलं तर गाईड. नाहीतर कोट सांभाळायचे, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आजी, मेले मी!" मला बांधताना ताइसिया म्हणाली. "छत्री विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून घरी परत गेले."

"निघताना आरशात बघितलंस ना?"

"घाईत राहिलंच!"

"अगं माझे बाई! परत गेलं की आरशात बघून जीभ दाखवायची, तेव्हा कुठे अपशकुन टळतो. कॉलेजात एवढंही शिकवत नाहीत?"

गट आला. पहिल्या खोलीत ताइसिया काय बोलली ते मलाही ऐकू आलं नाही. दुसरीत तिनं व्यापाऱ्याच्या मुलाला त्याच्या बापाआधी जन्माला घातलं. मागे बाई हाताची घडी घालून उभ्या. माझ्यातलं पाऊल असं थरथरत होतं की लाल टाके उसवतात की काय! तिसऱ्या खोलीत व्यापाऱ्याच्या बायकोचा भलामोठा आरसा. सगळे खिडकीतून नदी बघत होते. ताइसिया हळूच आरशाकडे वळली आणि तिनं चांगली लांब जीभ बाहेर काढली.

नेमके त्याच क्षणी सगळे वळले.

मग एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "परत गेली होतीस ना घरी? काय विसरलीस?"

"छत्री," ताइसिया रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आमच्या हिचं रोजचंच आहे! काल यारोस्लाव्हलला चष्मा विसरली, सारी बोट खोळंबली."

"आणि मग बोटीतल्या आरशासमोर कोण वेडावत होतं? मी, की तुम्ही?" बायको कडाडली.

हशा पिकला. ताइसियालाही हसू फुटलं. "ह्या घरची मालकीणही विसरभोळीच असणार," ती म्हणाली. "नाहीतर एवढा मोठा आरसा कशाला लागतोय!"

मग तिची जीभ जी सुटली! जिन्याची कुठली पायरी कुरकुरते, चहाचा वास कुठल्या कपाटाला अजून येतो, सगळं सांगत सुटली. पाऊल थरथरायचं थांबलं. शेवटी गटातलं कोणी आम्हाला पायातून काढायलाच तयार होईना.

ग्लाफिरा पेत्रोव्ना एवढंच म्हणाल्या, "तारखा सुधार. सोमवारपासून गाईड." आणि गेल्या. थोड्या वेळानं किल्ल्या विसरल्या म्हणून परत आल्या. तिसऱ्या खोलीत इकडेतिकडे बघितलं. ताइसिया पडद्याआड खिडकी लावत होती, ती त्यांना दिसली नाही. मी तर पडद्याखालून सगळंच बघितलं. बाईंची जीभ बरीच लहान आहे.

आता दारात प्लास्टिकच्या निळ्या पिशव्या आल्यात. पायात घालायच्या आणि फेकायच्या. आमची पेटी गेली. मी आणि उजवी मात्र अजून ताइसियाच्याच पायांत आहोत. माझा तळ झिजून कागद झालाय. झिजलेली लोकर त्या फरशीच्या चकाकीत गेली, ह्याचं मला फार समाधान आहे. मळणाऱ्या बाईची मी ऋणी, शिवणाऱ्या मुलीची तर जन्माची.

कधी आमच्याकडे आलात, तर एवढंच करा. पाय उचलू नका, जरा घासत चला. आणि काही विसरलात तर खुशाल परत या. तिसऱ्या खोलीत आरसा आहे.