पाठीवरची चिठ्ठी

मित्रांनो, न्हाणीघराच्या खिडकीत, दाढीच्या साबणाशेजारी उभी असलेली सनस्क्रीनची जुनी बाटली म्हणजे मी. झाकणाला तडा गेला आहे, पोटात थोडेच मलम उरले आहे. एके काळी मात्र माझा मोठा थाट होता.

कारखान्यात माझ्या पोटावर हिरवे पान छापले आणि खाली ठसठशीत ‘नैसर्गिक’. पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत माझ्यातले सगळे घटक लिहिले. दुकानात आले, तेव्हा दुकानदाराने किमतीची चिठ्ठी नेमकी त्या अक्षरांवर चिकटवली. त्याची ती पद्धतच होती. दर्शनी बाजू खराब होऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

एका सकाळी पोहणे शिकवणाऱ्या ताई आल्या. तलावावर मुले खोळंबली होती. सुगंधात असणारे लिनालूल नावाचे द्रव्य त्यांच्या कातडीला सोसत नसे. अंगावर असे पुरळ वारंवार उठत राहिले तर उन्हातले काम सोडावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यांनी मला उलटे केले. चिठ्ठी नखाने खरवडली, पण ती हलेना.

दुकानदार म्हणाला, “ताई, समोर बघा की. नैसर्गिक आहे. पानाफुलांचं कुणाला बाधतं का?”

“खाजकुइलीपण नैसर्गिकच असते, काका,” ताई म्हणाल्या. पण घड्याळाकडे पाहून त्यांनी मला पिशवीत टाकलेच.

दुसऱ्या दिवशी त्यांची मान लालबुंद झाली. तलावावरचा वर्ग बंद पडला. मला सगळे ठाऊक होते, पण माझे तोंड पाठीवर होते आणि त्यावर चिठ्ठी होती.

ताईंच्या वडिलांनी मला कढत पाण्यात बुडवले, चिठ्ठी सोलली आणि चष्मा पुसून वाचले. “हे बघ तुझं लिनालूल. इथंच बसलंय.”

मानेची लाली उतरल्यावर ताई मला घेऊन दुकानात गेल्या. आवाज चढवला नाही. नुसती माझी पाठ दुकानदारापुढे धरली. त्याने वाचले, ताईंच्या मानेवरचे डाग पाहिले आणि गल्ल्याला हात घातला. ताईंनी पैसे नाकारले. किमतीची चिठ्ठी यापुढे झाकणावर लावा, एवढेच मागितले. त्याने तिथेच चिठ्ठ्या सोलायला घेतल्या. ताई एकेक बाटली उलटी करून वाचू लागल्या. तलावावरून फोन आला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “थांबा जरा. मला वाचू द्या.”

त्या दिवशी त्यांनी बिनवासाची एक साधी बाटली निवडली. तिच्यावर पान नव्हते. ताई आजही तलावावर शिकवतात.

मला मात्र फेकले नाही. बागेत खुरपणी करताना बाबा मला लावतात आणि त्यांना काहीच होत नाही. मी वाईट नव्हते, मित्रांनो, फक्त ताईंसाठी नव्हते. कुणाला काय सोसते हे मला कळत नाही. माझ्यात काय आहे, एवढेच मी सांगू शकते. म्हणून माझे पोट पाहून भुलू नका. मला उलटे करा आणि माझे बोलणे पुरे होईपर्यंत थांबा.