पुसट वास

माझ्या नवऱ्याने, गुआनने, दोउझरला नावं ठेवणं बंद केलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मुगाचं हे आंबवलेलं, राखाडी-हिरवट पाणी बेजिंगची माणसं सकाळी गरमागरम पितात. मी हांगचौची. लग्न करून इथे येऊन केस पिकले, पण तो वाडगा मी कधी तोंडाला लावला नाही. गुआन पितो आणि मी शेजारी बसून तीळ लावलेली रोटी खाते, श्वास तोंडाने घेत.

दुकान मा नावाच्या दोउझरवाल्याचं, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. पूर्वी पहिला घोट घेतला की गुआन सुरू व्हायचा.

"मा, पाणी घातलंस! तुझ्या वडिलांनी असं कधी विकलं नाही!"

"मग त्यांच्याकडेच जाऊन प्या!" मा आतून ओरडायचा. वडील केव्हाच वारलेले.

हिवाळ्यात गुआनला मोठा ताप आला. त्यानंतर रोज एकच, "छान आहे." मला वाटलं, आजारपणाने माणूस निवळला. कसला निवळतोय!

गेल्या आठवड्यात मी बाहेरून आले तर घरभर गॅस. ज्योत विझलेली, आणि हा शेगडीशेजारी उभा राहून निवांत कांद्याची पात चिरतोय.

"वास येत नाही का तुला?" खिडक्या उघडत मी किंचाळले.

"येतो ना. बंद करणारच होतो."

इतकं धडधडीत खोटं! डॉक्टरकडे चल म्हटलं की हा टीव्हीचा आवाज वाढवतो. घरासकट उडून गेलो असतो, पण याचा हेका सुटायचा नाही. आठवडाभर मी नुसती जळतेय.

आज माचं पातेलं खाली लागलं. दोउझर ढवळायचं सोडून तो फोनवर बोलत बसला होता. वाडगे टेबलांवर आले आणि दुकानात एकच गिल्ला झाला. "करपलंय रे!" "उचल हे!" मलासुद्धा करपट वास आला, तोंडाने श्वास घेत असूनही.

गुआनने तळलेलं कुरकुरीत कडं मोडलं, खारवलेल्या कंदाचा कीस तोंडात टाकला, वाडग्याच्या काठाने सावकाश भुरका मारला आणि म्हणाला, "छान आहे आज."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मा डाव हातात घेऊन बाहेर आला होता, तो तसाच थबकला.

"गुआनदादा," तो हळूच म्हणाला, "करपलंय ते."

गुआनने वाडगा खाली ठेवला. माझा मात्र बांध फुटला.

"आता तरी कबूल कर!"

"येत नाही वास. तापापासून."

"मग सांगायला काय धाड भरली होती?"

"तू मला स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नसतास. मग दिवसभर मी करायचं काय?"

असा संताप आला की रोटी त्याच्या डोक्यात घालावी. "मेलो असतो ना दोघंही! आज डॉक्टरकडे जायचं. आणि यापुढे तू शेगडी पेटवलीस की मी तिथे खुर्ची टाकून बसणार. चालेल?"

त्याने मान हलवली. इतका मुकाट्याने ऐकतोय हे पाहून मला आणखीच राग आला.

मा आत जाऊन दुसरं पातेलं चढवून आला आणि थोड्या वेळाने नवा वाडगा ठेवून गेला. गुआनने तो माझ्याकडे सरकवला.

"तू पी."

"मी? वेड लागलंय का?"

"आंबट तेवढं जिभेला कळतं. बाकी काही नाही. वास कसा आहे ते सांग. मी विसरायला लागलोय."

या माणसापुढे मी हात टेकले. काठाने एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते दोउझरमुळेच असं मी सगळ्यांना सांगितलं.

"ओल्या पोतेऱ्यात कोबी गुंडाळून ठेवलाय," मी म्हणाले, "आणि तो कुजल्यावर कुणीतरी उकळलाय."

गुआनने डोळे मिटले. "बरोबर. अजून?"

मी नाक मुरडून दुसरा घोट घेतला. "मागून मुगाचा वास येतो. पण पुसट."

"पुसट?" त्याने खाडकन डोळे उघडले आणि भटारखान्याकडे वळून टेबलावर थाप मारली.

"मा! पाणी घातलंस!"