शाकारलेली गाडी

आमच्या तांडेलाने बोईसरच्या भंगारवाल्याकडून मिलिटरीची जुनी अँब्युलन्स आणली, त्या दिवशी मी कपाळावर हात मारून घेतला. तांडेल म्हणजे माझा नवरा, नामदेव. उभा जन्म होडीचं सुकाणू त्याच्या हातात, म्हणून सगळं एडवण गाव त्याला तांडेलच म्हणायचं, आणि मीही. शहाऐंशी साल असेल. हा बाबा लढाईच्या काळातली डॉज गाडी घेऊन दारात उभा! हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले, दोन्ही बाजूंना लाल फुलीची नुसती खूण उरलेली, आणि आत जखमी माणसं निजवायच्या फळ्या, एकीवर एक.

“अवो, मढी वाहायची गाडी ही! दारात कशाला आणली?” मी ओरडले.

“मढी नाय गो, जित्ती मानसं वाहायची,” तो म्हणाला. “हिच्यातच निजायचं, हिच्यातच रांधायचं आनि थेट हिमालय गाठायचा. बरफाचा डोंगर बगायचा हाय मला.”

एरवी मी पोट धरून हसले असते. पण काचबिंदूने त्याची नजर कडेकडेने खात आणली होती. समोरचं तेवढं दिसायचं, तेही नळीतून पाहिल्यासारखं. होडीवर जाणं बंद झालं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, ऑपरेशन केलं तर उरलेली थोडी टिकेल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. जन्मभर दर्याच पाहिला, आता सगळा अंधार व्हायच्या आत डोंगर पाहू द्या, एवढंच त्याचं मागणं. गाडी हाकायला त्याचा धाकटा भाऊ दामू होता. तो एका कारखान्याचा टेम्पो चालवायचा.

खोटं कशाला बोलू, हळूहळू मलाही त्या गाडीचं वेड लागलं. बाजारात मासळी विकून आले की टोपली धुवायची आणि आत चढायचं. फळीवर गोधडी पसरून बघायची, स्टोव्ह कुठे मावतो ते बघायचं. शेजारची हंसा चिडवायची, “चंद्रकांता, गाडीला नवरीवानी सजवतेस गो!” चिडवू दे. मी तरी कुठे मोठी दुनिया पाहिली होती?

पाऊस सरला की निघायचं ठरलं. त्याआधी ऑपरेशन. मुंबईला माझ्या बहिणीकडे राहून औषधपाणी करायचं होतं, त्यात सगळा पावसाळा जाणार होता. निघताना दामू म्हणाला, “वयनी, गाडीची काळजी करू नको. आपल्या होडीवानी सांभाळतो.”

आणि मेल्याने शब्द पाळला हो! अक्षरशः होडीसारखी सांभाळली.

आमच्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि शाकारतात. म्हणजे मुशी माशाचं तेल चोपडायचं, वरून माडाच्या झावळ्यांचे झाप घट्ट बांधायचे. दामूने चार माणसं जमवून गाडी होड्यांच्या रांगेत नेऊन लावली. वादळात हलू नये म्हणून चाकं रेतीत पुरली. वरपासून खालपर्यंत तेल चोपडलं, झाप बांधले. नारळी पुनवेला होड्यांबरोबर तिलाही नारळ फोडला, हार घातला.

आम्ही भादव्यात परत आलो. ऑपरेशन झालं, पण नजर जायची काही थांबली नव्हती. “बघायचं ते लवकर बघून घ्या,” असं डॉक्टर म्हणाले होते. स्टँडवरून तडक किनाऱ्यावर गेलो. दामूने मोठ्या हौसेने झाप सोडले आणि आतून कुजका वास आला. लाकडी होडीला हे सगळं मानवतं. लोखंड सडतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पावसाचं पाणी झापांनी धरून ठेवलेलं, खालून लोखंड खाऱ्या रेतीने खाल्लेलं, आणि तेलाच्या वासाने आलेल्या उंदरांनी वायरी, रबरी नळ्या, सगळं कुरतडलेलं. दामूने तळाच्या पत्र्याला बोट लावलं तर बोट आरपार गेलं.

“मेल्या, अक्कल काय दर्यात बुडवलीस काय रे?” मी त्याला नाही नाही ते बोलले. ती चार माणसं खाली मान घालून उभी होती. बॉनेटवर नारळी पुनवेचा सुकलेला हार तसाच होता. तो दिसला आणि मी तांडेलाचा हात धरून घरची वाट धरली.

घरी आल्यावर मी तांडेलाला म्हटलं, “आगगाडीने जाऊ. उद्याच.”

“नाय,” तो म्हणाला. “मी आगगाडीत बसलो तर गाव बोलेल, भावानं भावाची गाडी खाल्ली. दामू मग तोंड वर करील काय?”

“आनि तुमचे डोळे?”

“टिकतील की.”

असा राग आला मला! भावाच्या अब्रूपायी हा माणूस आपली नजर जाळत बसला होता, आणि मी काही करू शकत नव्हते.

दामूने त्याच चार माणसांकडून गाडी ओढून दारात आणली. कामावरून आला की तो तिच्याखाली शिरायचा. कारखान्याच्या भंगारातले पत्रे आणून वेल्डिंग करायचा. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडायचं. “दादा, आठ दिवसांत चालू करतो,” हे ऐकून ऐकून माझे कान किटले. दिवाळी गेली, थंडी पडली. मी तांडेलाला विचारायची, “दिसतं ना?” तो म्हणायचा, “दिसतं की.” मला ते खरं मानायचं होतं.

आणि एका सकाळी गाडी चालू झाली. धूर ओकत, सगळं अंग थरथरवत, पण चालू झाली! दामू पोरासारखा नाचला. हंसा धावत आली, पाठोपाठ अख्खी आळी जमली. कुठे निळा पत्रा, कुठे पिवळा, एकावर पिंपाची अक्षरं तशीच. असं ते ध्यान, पण इंजिन धडधडत होतं. तांडेल दारातून बाहेर आला, आवाजाकडे तोंड करून उभा राहिला आणि हसला.

“मस्त रंगवलीस रं, दामू,” तो म्हणाला. “नवी कोरी दिसते.”

रंगाचा डबा अजून उघडलासुद्धा नव्हता.

दामू माझ्याकडे बघत राहिला, मी जमिनीकडे. त्या गप्प राहण्यातच तांडेलाला काय ते कळलं. तो हात पुढे धरून चाचपडत आला आणि जोडलेल्या पत्र्यांवरून, वेल्डिंगच्या गाठींवरून हळूहळू हात फिरवू लागला.

“रंग नाय काय लावला?” त्याने विचारलं.

“दादा...” म्हणत दामूने हंबरडा फोडला.

“बंद कर रं,” तांडेल म्हणाला. “पेट्रोल फुकट जातं.”

दामूचा हात काही चावीकडे जाईना. शेवटी मीच आत वाकले आणि चावी फिरवली.