फुगलेल्या डब्याची कबुली

मी मटणाचा डबा बोलतोय. शिजवलेल्या मटणाचा, दोन्हीकडून बंद, वर शिक्का मारलेला. आता रिकामा आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. मटण भरून झाकण बसवलं की आम्हाला मोठ्या बंद भांड्यात कडक वाफेवर ठेवत. तिथले मुकादम बबनराव नव्या कामगारांना बजावत, "मांसातले जंतू चिवट असतात. वाफ पुरती मिळाली नाही तर आत जिवंत राहतात आणि विष करतात. डबा फुगला तर उघडू नका, पुरून टाका." माझ्या पाळीला कोळसा कमी पडला, आणि याच बबनरावांनी आम्हाला लवकर बाहेर काढलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

फौजेच्या कोठीतून मी हरिदास नावाच्या शिपायाकडे आलो. अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात सुट्टीवर येताना त्याने मला हिंगणीजवळच्या आपल्या गावी आणलं आणि आईच्या, रुख्माबाईच्या, हातात दिलं. त्याची बायको कांता तेव्हा पोटुशी होती.

"माय, कांता बाळंतीण झाली का तिले हे खाऊ घालजो. ताकद येईन."

रुख्माबाईने मला चुलीवरच्या फळीवर ठेवलं. या घराने दोन वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. शेजारणींना मला दाखवून ती म्हणायची, "मेलेल्या ढोराचं आमी सोडलं ते सोडलंच. हे शिक्क्याचं हाये, साफ." तिचा तो अभिमान पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्या पोटात तोवर जंतू कामाला लागले होते.

वैशाखात माझी झाकणं पुरीसारखी फुगली. रुख्माबाईला काळजी वाटली, पण ती डबा फुटून मटण वाया जाईल याची. दारावर आलेल्या कल्हईवाल्याला तिने मला दाखवलं.

"हवा धरली यानं, बाई," तो म्हणाला. "हवा काढतो अन् वरून डाख देतो. नवा होऊन जाते."

त्याने खिळ्याने भोक पाडलं. फुस्स करून हवा गेली, आणि गरम कथलाने त्याने भोक बुजवलं. भांड्याला चालणारा इलाज त्याने माझ्यावर केला. झाकण सपाट झालं, विष आतच राहिलं. रुख्माबाई मात्र खूश झाली.

चौथ्याच दिवशी कांताला मुलगा झाला. बाळंतिणीच्या पोटात जाणारी कुठलीही गोष्ट आधी स्वतः चाखायची, हा रुख्माबाईचा नेम. विळ्याने मला कापून तिने एक गार तुकडा तोंडात टाकला. घरात दुसरं कोणी जागं नव्हतं. कांता आतल्या खोलीत बाळाला घेऊन झोपली होती.

"चांगलं लागून राह्यलं," ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिने मला भांड्यात उपडं केलं, आलं-लसूण घातलं आणि रस्सा तासभर रटरटत ठेवला. त्या उकळीने विष मेलं. संध्याकाळी दोघी पोटभर जेवल्या. कांताला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी रुख्माबाईला एकाचे दोन दिसू लागले. पापण्या उचलेनात, पाण्याचा घोटही गिळवेना. तिसऱ्या दिवशी तिला बैलबंडीत घालून दवाखान्याकडे निघाले, पण वाटेतच तिचा श्वास थांबला. गाव म्हणालं, नजर लागली.

हरिदास आला. आईसाठी ओक्साबोक्शी रडला. मग माझ्याकडे बघत हळूच बोलला, "त्या डब्याचं तर काई नसंन?"

"काऊन असं बोलता?" कांता म्हणाली. "मायनं खाल्लं तेच म्या खाल्लं. मले काई झालं काय? उगाच मनाले लावून घेऊ नका."

त्याने डोळे पुसले. "मंग थंडीत येतानी दोन आणतो. तुही तब्येत अजून कच्ची हाये."

परवा तो फौजेत परत गेला. आता कांता बाळाला न्हाऊ घालताना माझ्यातून पाणी ओतते. माझ्या कडा तिने दगडाने घासून बोथट केल्या आहेत, बाळाला लागू नये म्हणून. माझा मात्र जीव जळतो. तुम्ही तरी माझं ऐकलंत ना? मग थंडी पडायच्या आत तिच्या घरी जा. तिला सांगा, फुगलेला डबा पुरायचा असतो. आणि सांगा, सासूने एक तुकडा गारच चाखला होता, तुझ्या आधी.