प्रिंटर गेला कुणाच्या घरी

रुग्णालयाचं स्वयंपाकघर मुकादमबाईंच्या हुकमतीखाली चाले. त्यांची लेक त्याच रुग्णालयात कॉम्प्युटरचं जाळं सांभाळी. दोघींचा करार होता: कामावर ना आई, ना लेक.

एका विभागातल्या कॉम्प्युटरचा व्हायरस दुसऱ्यात शिरू नये म्हणून लेकीनं काल त्या जाळ्यात विभागवार भिंती घातल्या. आणि आज ऐन जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातला प्रिंटर मुका! वॉर्डातून चिठ्ठ्याच येईनात. कुणाचं अळणी, कुणाचं बिनसाखरेचं, हे कळल्याशिवाय ताटं हलणार कशी?

व्यवस्थापक तणतणत आले. "चांगलं चाललं होतं की! पाडा त्या भिंती."

"पाडायला काय लागतं, साहेब? आधी बघू तर द्या," लेक म्हणाली.

"पोरगी अडकली, बाई," आचारी कुजबुजला.

"मला काय सांगतोस? माझी कोण लागते ती?" बाईंनी फटकारलं. पण हातातलं झाकण त्यांनी भलत्याच पातेल्यावर ठेवलं. भिंती पडल्या तर लेकीची कित्येक महिन्यांची तयारी पाण्यात.

लेकीनं घाई केली नाही. स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर वॉर्डाशी नीट बोलत होता. म्हणजे वाट मोकळी होती, हरवला होता नुसता प्रिंटर. तिनं त्याचा जाळ्यातला पत्ता काढून पाहिला आणि तिला हसूच फुटलं.

"हा तर पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांच्या घरात जाऊन बसलाय! बाई, कुणी हलवला का?"

बाईंना सकाळचं आठवलं. आजवर स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या कुठल्याही खोबणीत जाळ्याची वायर खुपसली तरी चालायचं.

"मीच हलवला सकाळी. शेगडीच्या वाफेनं चिठ्ठ्या भिजायच्या. त्या कोपऱ्यात खोबण रिकामी दिसली."

"घ्या! म्हणजे घरचाच घोळ," व्यवस्थापक म्हणाले.

"घोळ माझा, साहेब. कालपासून कुठली खोबण कुठल्या विभागाची, हे मी इथं सांगितलंच नाही. आणि जागा त्यांनी बरोबर निवडलीय. प्रिंटर तिथंच राहील."

तिनं लॅपटॉपवर ती खोबण स्वयंपाकघराच्या नावे केली. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला. घर्रर्र करत एक कोरडी, करकरीत चिठ्ठी बाहेर आली, तिच्यामागे दुसरी.

"राहू द्या भिंती," पुटपुटत व्यवस्थापक निघून गेले.

"काय डोकं आहे हो! पोर कुणाची?" आचाऱ्यानं मुद्दाम विचारलं.

करार गेला चुलीत. बाईंनी मान ताठ केली. "कुणाची म्हणजे? माझी!"

"आणि मघाशी?"

"मघाशी ताटं अडली होती. उचल आता!"