नऊच्या आत दूध उतू जायला हवं

शहाण्णव सालच्या जूनमध्ये माझ्या बायकोला बंगलोरला नोकरी लागली, आणि नातेवाईक पेढे खाऊन तिचं अभिनंदन करत आणि जाताना दाराशी माझा हात दाबत. बोलत काही नसत. नुसता दाबत. माझी थोरली काकू तेवढी स्पष्ट बोलली. "मुग्धा संगणकावर बसेल. अवधूत, तू कशावर बसणार?"

मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. पंचांगं, लग्नपत्रिका आणि सहकारी बँकांचे अहवाल. यातलं खरं किती हे पाहणं माझ्याकडे नव्हतं, ऱ्हस्व-दीर्घ पाहणं होतं. मालकांनी मला एक महिन्याची बिनपगारी रजा दिली आणि म्हणाले, "तिथं बस्तान बसलं तर कळवा. नाही बसलं तर एक तारखेला खुर्चीत दिसा." बंगलोरला मराठी मुद्रितं तपासणाऱ्यांची फारशी टंचाई नसावी असा माझा अंदाज होता. तो बरोबर निघाला.

मुग्धाच्या कंपनीने इंदिरानगरात राहायला एक खोली दिली होती, तीन आठवड्यांपुरती. तेवढ्यात घर शोधायचं. मला वाटलं होतं, ती ऑफिसला जाईल, मी घरं पाहीन, चार दिवसांत काम होईल. घरं होतीही. घरमालकही सज्जन होते. कॉफी द्यायचे, पंखा लावायचे, मग विचारायचे, "ऑफिस कुठं आपलं?"

"इंदिरानगरला."

"वा!"

"म्हणजे, माझ्या मिसेसचं."

"आणि आपलं?"

"मी घरी असेन."

"म्हणजे सध्या?"

"म्हणजे दिवसभर."

यावर घरमालक पंखा बंद करायचे आणि त्यांना आठवायचं की म्हैसूरहून आपला पुतण्या राहायला येतो आहे. राजाजीनगरात तीन पुतणे आले, इंदिरानगरात चार, इकडेतिकडे दोन. म्हैसूर त्या महिन्यात ओस पडलं असावं.

"थोडी थाप मारायला काय हरकत आहे?" मी मुग्धाला म्हटलं. "सांगतो, माझा व्यवसाय आहे."

"कसला?"

"ते ठरवू की."

"अवधूत, थाप मारलीस की तुझे कान लाल होतात. त्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं दिसतं."

तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी ती बायकांच्या वसतिगृहाचा अर्ज घेऊन आली. भरला नव्हता. टेबलावर ठेवला आणि वर पाण्याचा तांब्या ठेवला. शनिवारी खोली सोडायची होती. शनिवारपर्यंत घर मिळालं नाही, तर ती वसतिगृहात आणि मी पुण्याच्या गाडीत. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्हाला एकमेकांची नुकती कुठे सवय लागत होती.

"सहा महिन्यांत घर मिळेलच, तेवढ्याचाच प्रश्न आहे," ती म्हणाली.

"हो ना."

"मग तोंड असं का केलंस?"

"तू तुझं आरशात पाहिलंस का?"

गुरुवारी तिच्या ऑफिसातला दयानंद मदतीला धावला. हा मूळचा निपाणीचा. त्याने चामराजपेटेतल्या एका बाईंचा पत्ता दिला. "कस्तुराबाई म्हणून आहेत. चार पिढ्या झाल्या त्यांना इथं. मराठी बोलतात." थोडं थांबून तो म्हणाला, "म्हणजे, त्यांच्या मते."

कस्तुराबाईंच्या घराचा मागचा भाग रिकामा होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि अंगणात दगडी कट्टा. कस्तुराबाई साठीच्या, ठणठणीत, नाकात दोन्हीकडे चमक्या. त्यांचे यजमान आप्पाजी शिवणकामाचं दुकान चालवत आणि घरी आल्यावर बोलण्याचं काम बायकोकडे सोपवत. मुग्धाने मला दारातच बजावलं होतं, "विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर कीर्तन करू नकोस."

आणि कस्तुराबाईंनी विचारलंच नाही! देव कुठल्या भिंतीला मांडणार हे विचारलं, तळण किती वेळा करता हे विचारलं, मुग्धाच्या आईचं माहेर विचारलं. माझ्या ऑफिसचं नाव नाही. पुरुष म्हटला की त्याला ऑफिस असणारच, जसं गाईला शेपूट असतं, असा त्यांचा हिशेब दिसला.

"सरी, ठीक," त्या शेवटी म्हणाल्या. "शनिवारी सकाळी या. दूध उतू घालवायचं, मग किल्ली. नवाच्या आत हां. नऊ ते साडेदहा राहुकाळ. आमच्यात राहुकाळात किल्ली देत नाहीत. आणि स्टो, पातेलं, दूध समदं तुमचं पाहिजे. आमचं चालत नाही."

राहुकाळाचे तक्ते मी अकरा वर्षं तपासले होते. ते बघून कोणी काही करतं, किंवा करायचं थांबतं, हे मला पहिल्यांदाच समजलं. नव्या वास्तूत दूध उतू घालवतात हे आम्हालाही ठाऊक होतं, पण ते स्वतःचं घर बांधल्यावर. भाड्याच्या घरात पुण्याचा माणूस फार तर नळ गळतो का ते बघतो.

शनिवारी आठच्या आत आम्ही रिक्षातून उतरलो. सामानाचा ट्रक तुमकूरच्या अलीकडे की पलीकडे कुठेतरी होता. आमच्याजवळ दोन बॅगा, वातींचा स्टोव्ह, दुधाच्या दोन पिशव्या आणि एक भांडं एवढंच होतं. भांडं ट्रकमध्ये द्यायचं नाही, मांडीवर घेऊन जायचं, असं माझ्या आईने सांगितलं होतं. लग्नातला आहेर होता तो, आणि आईच्या मते आमच्या लग्नातली ती सर्वांत उपयोगी वस्तू होती.

कस्तुराबाईंनी उंबऱ्याला हळदकुंकू लावलं. चुलीच्या जागी रांगोळी काढली होती. पूर्वेकडे तोंड करून मी स्टोव्ह पेटवला, मुग्धाने भांड्यात दूध ओतलं, आणि आम्ही चौघं हात जोडून उभे राहिलो.

दहा मिनिटं गेली. दूध शांत होतं.

पंधरा मिनिटं गेली. आप्पाजींनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला.

मग भांड्याने शिट्टी दिली. कर्कश, लांबलचक. आप्पाजी दचकून रस्त्याकडे बघायला लागले. मी सवयीप्रमाणे पुढे झालो, वाती खाली केल्या आणि समाधानाने म्हणालो, "झालं. तापलं दूध."

मुग्धाने डोळे मिटून घेतले. तिच्या लक्षात माझ्या आधी आलं.

"तापलं?" कस्तुराबाई म्हणाल्या. "उतू कवा जाणार?"

"यातलं जात नाही."

"म्हंजे?"

मला वाटलं त्यांना खरंच माहिती हवी आहे. मी समजावून सांगितलं. भांड्याला आत-बाहेर असे दोन पत्रे आहेत. मधल्या पोकळीत पाणी भरायचं. पाणी उकळलं की शिट्टी होते. दूध नुसतं तापतं, वर येत नाही. "कितीही वेळ ठेवा. दोन वर्षांत एक थेंब बाहेर गेलेला नाही. म्हणून तर आईने मांडीवर आणायला सांगितलं."

कस्तुराबाईंनी भांड्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. "म्हंजे पुण्याहून इथवर, दूध उतू घालवायला, उतू जात नाही ते भांडं घेऊन आला तुमी?"

मी सवयीने वाक्य तपासलं. व्याकरणदृष्ट्याही निर्दोष होतं.

"दुसरं पातेलं?"

"ट्रकमध्ये," मुग्धा म्हणाली. "अक्का, तुमचं एखादं घेतलं तर?"

"छे छे. सांगितलं की, तुमचंच पाहिजे. मागच्यांनी आमच्या पातेल्यात केलं. चार महिन्यांत बदली."

मुग्धाने घड्याळ पाहिलं. साडेआठ. भांड्यांची दुकानं दहाला उघडणार. मी तरी रस्त्याच्या टोकापर्यंत पळत जाऊन आलो. दोन कुलपं पाहिली, आणि एका दुकानदाराने फळीच्या फटीतून मला सांगितलं, "स्वल्प वेळ थांबा." स्वल्प म्हणजे थोडा, एवढं कन्नड मला येत होतं. त्याचा थोडा आणि माझा थोडा यांत तास-दीड तासाचं अंतर होतं.

परत आलो तेव्हा कस्तुराबाई आमची समजूत घालत होत्या. "असू द्या. राहुकाळानंतर आज मुहूर्त नाही, उद्याबी नाही. सोमवारी या. साडेसाताच्या आत, मग राहुकाळ लागतो. साहेबांना हाफिसाला थोडा उशीर होईल, रजा टाका म्हणावं."

"अक्का, आजच खोली सोडायचीये हो," मुग्धा म्हणाली. तिचा आवाज जरा फाटला. हे मी फार वेळा ऐकलेलं नव्हतं.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "रजेचा प्रश्न नाही. मला ऑफिसच नाही."

कस्तुराबाई माझ्याकडे वळल्या.

"हाफिस नाही?"

"ऑफिस हिला आहे. हिच्या नोकरीसाठी आलो आम्ही. मी घरी असतो."

"कवा?"

"दिवसभर."

कस्तुराबाई एक पाऊल पुढे आल्या. "सकाळी अकराला?"

"घरी."

"दुपारी तीनला?"

"घरी. फार तर झोपलेला असेन, पण घरी."

त्या आप्पाजींकडे वळल्या आणि दोघं कन्नडमध्ये भराभर बोलायला लागली. आप्पाजींनी आल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं आणि ते बंद करायला तयार नव्हते. मला त्यातला 'नीरू' एवढा एक शब्द कळला. नीरू म्हणजे पाणी. मी अंदाज केला की आमच्यावर सोडतायत.

"आला," मुग्धा माझ्या कानाशी पुटपुटली. "म्हैसूरचा पुतण्या आला."

मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "अर्ज भरते मी आज. तू रात्रीच्या गाडीचं बघ."

"अण्णा," कस्तुराबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. साहेबांचा मी अण्णा झालो होतो. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आहो, नळाला पाणी कवा येतं ते देवाला ठाऊक! कधी दहाला, कधी दोनला. आलं की कॉक उघडायचा, खालची टाकी भरायची, बंद करायचा. आमचे हे दुकानात. मी मठात, नाहीतर लेकीकडं. मागचे भाडेकरू दोघं बँकेत. पाणी येऊन जायचं आणि आमी संध्याकाळी हंडे घेऊन दुसऱ्यांच्या दारात! दहा वर्षं झाली, मी ह्यांना सांगते, घरात बसणारा माणूस मिळाला पाहिजे. हे म्हणतात, तसा चांगल्या घरातला कुठं मिळतो!"

आप्पाजींनी माझ्याकडे बघून नमस्कार केला. आयुष्यात माझ्या घरी बसण्याला कोणी नमस्कार केला असेल तर तो तेवढाच.

"म्हणजे घर देताय?" मुग्धाने विचारलं.

"देणार की! पण दूध?" कस्तुराबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि पदर खोचला. पावणेनऊ. आता घाई त्यांना होती. त्या आत गेल्या आणि एक झकास जुनं पितळी पातेलं, नारळ आणि खण घेऊन आल्या. मुग्धाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि सगळं तिच्या ओटीत घातलं, पातेल्यासकट. "ओटीत दिलं म्हंजे तुझं झालं. आता हे तुझं पातेलं. ऊठ, लवकर ऊठ!"

धर्मशास्त्र इतकं चपळ असतं हे मला पंचांगात कुठे सापडलं नव्हतं.

तापलेलं दूध पातेल्यात ओतलं. "तापलंय ते बरंच झालं, बिगी येईल," कस्तुराबाई म्हणाल्या. मी वाती पूर्ण वर केल्या. कडेला बुडबुडे आले. साय सुरकुतली, मधून फुगली. आणि मग दूध उठलं.

आता खरी अडचण पुढे आली, आणि ती माझ्यात होती. वर येणारं दूध दिसलं की हात पुढे करायचा, हे मला चालायच्या आधी शिकवलेलं आहे. आमच्या घरी दूध उतू गेलं तर तीन दिवस कोणी मोठ्याने हसत नसे. दूध काठाला आलं, आणि माझा हात मला न विचारता वातीच्या किल्लीकडे निघाला.

"अवधूत!" मुग्धाने मनगट धरलं. तरी हात जातच होता. तिने दुसरा हात लावला. आप्पाजींनी मागून माझा खांदा आवळला. शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या बोटांत किती जोर असतो हे मला तेव्हा समजलं. कस्तुराबाई टाळ्या वाजवत ओरडत होत्या, "येऊ द्या! येऊ द्या की हो!"

आणि दूध उतू गेलं. पितळेच्या काठावरून पांढरं, फसफसत, पूर्वेकडून सुरुवात करून मग चारी दिशांना, स्टोव्हवर, रांगोळीवर, आमच्या बॅगांपर्यंत. वाती चरचरून विझल्या. जळक्या दुधाचा आणि रॉकेलचा असा वास सुटला की मला आईची आठवण होऊन घाम फुटला. मुग्धा इतकी हसत होती की तिला उभं राहवेना. ती माझ्या खांद्याला धरून हसत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. मीही हसायला लागलो. पुढचे तीन दिवस हसलो असतो तरी विचारणारं कोणी नव्हतं.

नऊला पाच मिनिटं कमी असताना कस्तुराबाईंनी किल्ली दिली. मुग्धाला नाही, मला. मग मला अंगणात नेऊन कॉक दाखवला, उजवीकडे उघडतो, डावीकडे बंद, आणि दोनदा करून दाखवायला लावला.

समोरच्या घराच्या पायरीवर एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. कस्तुराबाईंनी कुंपणाशी जाऊन त्यांना हाक मारली, "कौशल्याक्का!" आणि माझ्याकडे हात करून कन्नडमध्ये बराच वेळ काही सांगितलं. कौशल्याबाईंचं सूप मांडीवर स्थिर झालं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि एक प्रश्न विचारला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"त्यांचा वरचा मजला रिकामा आहे," आप्पाजी गंभीरपणे म्हणाले. "विचारतात, तुमाला भाऊ आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "पण तो नागपुरात नोकरी करतो."

आप्पाजींनी उत्तर पोचवलं. कौशल्याबाईंनी हळहळून मान हलवली आणि तांदूळ पुढे निवडायला घेतले.